सी भाषेचे मानक आणि कंपायलरची मोकळीक : वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयाभोवती फिरणारी पत्रे एकत्र घेतली आहेत. कंपायलर सी भाषेचे कोणते मानक पाळतो आणि मानकाबाहेरच्या कोणत्या गोष्टी तो चालवून घेतो, हा तो विषय. कोडमधले शब्द आणि कंपायलरला द्यायचे पर्याय सदराच्या शिरस्त्याप्रमाणे उच्चारानुसार नागरीत छापले आहेत; प्रत्यक्ष टंकताना ते अर्थातच मूळ लिपीत टंकावेत.

प्रश्न : मी जीसीसी या कंपायलरला ‘-एसटीडी=सी९९’ (म्हणजे सी भाषेचे १९९९ चे मानक) हा पर्याय देऊन प्रोग्रॅम कंपाइल करते आणि एकही इशारा येत नाही. तोच प्रोग्रॅम मैत्रिणीच्या यंत्रावर दुसऱ्या कंपायलरने मात्र स्विचमधल्या ‘केस १ ... ५’ या ओळीवर अडवला. सी ९९ मागितलेले असताना जीसीसीने ही ओळ का चालवून घेतली? चूक नेमकी कोणाची?

उत्तर : ती ओळ सी भाषेची नाही, त्यामुळे मैत्रिणीचा कंपायलर बरोबर आहे. जीसीसीनेही तुम्हाला फसवलेले नाही, कारण तो असेच वागतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. ‘-एसटीडी=सी९९’ म्हणजे ‘सी ९९ च्या बाहेरचे काहीही घेऊ नकोस’ असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की सी ९९ प्रमाणे शुद्ध असलेला प्रत्येक प्रोग्रॅम कंपायलरने नीट घ्यावा, आणि त्याच्या स्वतःच्या एक्स्टेन्शनपैकी, म्हणजे मानकाबाहेरच्या जादा सोयींपैकी, जेवढी अशा शुद्ध प्रोग्रॅमच्या आड येतात तेवढीच बंद ठेवावीत. केसमध्ये पल्ला देण्याची सोय हे जीसीसीचे जुने एक्स्टेन्शन आहे. शुद्ध प्रोग्रॅममध्ये तशी ओळ येऊच शकत नाही, त्यामुळे ती सोय चालू ठेवल्याने कोणाच्या वाटेत काही येत नाही, आणि म्हणून ती गुपचूप चालू राहते.

मग या पर्यायाने बंद तरी काय होते? एक गमतीदार उदाहरण पाहा. लिनक्सवर कोणताही ‘-एसटीडी’ पर्याय न देता ‘इंट लिनक्स = ५;’ अशी साधी घोषणा लिहिली, तर जीसीसी ती नाकारतो. जीएनयू बोलीत, म्हणजे पर्याय न दिल्यास जीसीसी धरतो त्या एक्स्टेन्शनसह बोलीत, ‘लिनक्स’ हा आधीपासून ठरलेला मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ठरलेल्या मजकुराने बदलले जाणारे नाव) असून त्याची किंमत १ आहे, त्यामुळे कंपायलरपुढे ती ओळ ‘इंट १ = ५;’ अशी पोहोचते. मानकाच्या दृष्टीने ‘लिनक्स’ हे व्हेरिएबलचे निर्दोष नाव आहे; म्हणून ‘-एसटीडी=सी९९’ देताच तो मॅक्रो नाहीसा होतो आणि ओळ कंपाइल होते. ‘एएसएम’ आणि ‘टाइपऑफ’ हे शब्दही याच कारणाने त्या पर्यायाखाली राखीव राहत नाहीत. याखेरीज एक बदल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकण्याची सोय असलेल्या प्रोसेसरवर जीएनयू बोलीत जीसीसी ती सोय सर्रास वापरतो, तर मानक बोलीत वापरत नाही. त्यामुळे दशांश आकडेमोडीच्या उत्तरात शेवटच्या अंकाचा फरक पडला आणि कोडमध्ये तर काहीच बदललेले नाही, असे झाले, तर मेकफाइलमधला (बांधणीच्या आज्ञा असलेल्या फाइलमधला) हा पर्याय आधी पाहावा.

तुम्हाला जे हवे आहे ते ‘-पेडँटिक’ या जोडपर्यायाने मिळते. व्याकरणाचा किंवा मानकाने घातलेल्या बंधनाचा भंग झाला तर कंपायलरने निदान एक संदेश दिलाच पाहिजे, अशी मानकाची अट आहे आणि ‘-पेडँटिक’ तेवढे संदेश चालू करतो. ‘-पेडँटिक-एरर्स’ दिल्यास त्यांचे इशारे न राहता एरर होतात आणि तुमची ती ओळ तिथेच अडते. तरीही हा पर्याय म्हणजे शुद्धतेचे प्रमाणपत्र समजू नये. ज्या चुकांसाठी मानकाने संदेशाची सक्तीच केलेली नाही, म्हणजे ज्यांचा परिणाम मानकाने अनिर्धारित ठेवला आहे, त्या याही चाळणीतून खाली पडतात. शिवाय संदेश दिल्यानंतर कंपायलरने थांबलेच पाहिजे असेही बंधन नाही. तो कुरकुर करून पुढे जाऊ शकतो. याला ठळक अपवाद ‘#एरर’ या ओळीचा. सी ९९ पासून ही ओळ लागू झालेली फाइल यशस्वीपणे कंपाइल करायला मानकाने मनाई केली आहे.

जाता जाता, मानकातल्या दोन संज्ञा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ‘काटेकोर अनुरूप’ प्रोग्रॅम म्हणजे फक्त मानकातल्याच गोष्टी वापरणारा आणि कंपायलरवर अवलंबून असलेल्या निकालावर न विसंबणारा. नुसता ‘अनुरूप’ प्रोग्रॅम म्हणजे कोणत्या तरी एका अनुरूप कंपायलरला मान्य होणारा! पहिली व्याख्या इतकी कडक आहे की नित्याच्या कामातला एखादाच प्रोग्रॅम तिच्यात बसेल, आणि दुसरी इतकी सैल की तिच्यातून एखादाच सुटेल. आपले सगळे कोड या दोहोंच्या मधल्या मैदानात नांदते. आणि हो, ‘१’ व तीन टिंबे यांमध्ये जागा सोडायला विसरू नका. जागा न सोडल्यास ‘१...५’ ही एकच वेडीवाकडी संख्या आहे असे समजून जीसीसीही ती नाकारतो.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात ‘-एसटीडी=जीएनयू९९’ होते. मानक पाळावे या हेतूने मी ते ‘-एसटीडी=सी९९’ केले. प्रोग्रॅम बांधला गेला, पण चालवताच ‘स्ट्रडप’ने (मजकुराची प्रत काढून देणाऱ्या फंक्शनाने) दिलेल्या पॉइंटरला हात लावल्याबरोबर कोसळला. जुन्या यंत्रावर मात्र तोच बदल करूनही व्यवस्थित चालतो. एवढ्याशा फरकाने असे का व्हावे?

उत्तर : तुमच्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही, पण ती घडली असणार : बांधणी होताना ‘स्ट्रडप’ची घोषणा आढळली नाही असा इशारा पडद्यावरून सरकून गेला असेल. तिथूनच सगळे सुरू होते.

मानक बोली निवडली की जीसीसी ‘__स्ट्रिक्ट_अँसी__’ हा मॅक्रो ठरवतो. जीलिबसी या लायब्ररीच्या हेडर फाइल तो मॅक्रो पाहतात आणि सी मानकात नसलेल्या सगळ्या घोषणा झाकून ठेवतात. ‘स्ट्रडप’ हे पॉसिक्सचे, म्हणजे युनिक्स धाटणीच्या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या मानकाचे, फंक्शन आहे. सी मानकात ते सी २३ मध्ये आले. त्यामुळे ‘स्ट्रिंग.एच’ जोडूनही सी ९९ खाली त्याची घोषणा दिसत नाही. फंक्शन मात्र लायब्ररीत जागच्या जागी असते, म्हणून लिंकर (कोडचे तुकडे आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) काहीच तक्रार करत नाही.

घोषणा नसली की जुन्या सी भाषेच्या नियमाप्रमाणे कंपायलर धरून चालतो की हे फंक्शन ‘इंट’ परत देते. सी ९९ ने हा नियम काढून टाकला होता, तरी कंपायलर पुढे कित्येक वर्षे नुसता इशारा देऊन तो पाळत राहिले. आता ६४ बिटांच्या यंत्रावर काय होते ते पाहा. ‘स्ट्रडप’ आपला ८ बाइटांचा पत्ता आरएएक्स या रजिस्टरमध्ये ठेवून परततो. बोलावणारा मात्र ४ बाइटांचा ‘इंट’ आला असे समजून त्या रजिस्टरचा फक्त खालचा अर्धा भाग उचलतो, चिन्हासकट तो पुन्हा ८ बाइटांपर्यंत ताणतो आणि ‘कॅर *’ मध्ये भरतो. पत्त्याचा वरचा अर्धा भाग वाटेतच गळून पडला. उरला तो भलत्याच जागेचा पत्ता.

जुन्या यंत्रावर हे का निभावते, याचे उत्तर बहुधा असे. प्रोग्रॅम ठरलेल्या पत्त्यावर चढेल अशा जुन्या पद्धतीने बांधला असेल, तर त्याचा हीप (चालताना मागितलेली मेमरी जिथून मिळते तो भाग) कमी पत्त्यांच्या भागात, प्रोग्रॅमच्या पाठोपाठच सुरू होतो. त्या पत्त्यांचा वरचा अर्धा भाग शून्यच असतो, त्यामुळे तो गळला काय आणि राहिला काय, फरक पडत नाही. हल्ली प्रोग्रॅम कुठेही चढू शकेल अशा पद्धतीने बांधण्याचा प्रघात आहे. मग हीप फार वरच्या पत्त्यांवर जातो आणि झाकलेली चूक उघडी पडते. जुने यंत्र ३२ बिटांचे असेल तर प्रश्नच मिटला, कारण तिथे ‘इंट’ आणि पॉइंटर एकाच मापाचे असतात.

उपाय सोपा आहे. ‘-एसटीडी=सी९९’ ठेवायचे असेल तर प्रत्येक सोर्स फाइलमध्ये पहिल्या हेडरच्याही आधी ‘_पॉसिक्स_सी_सोर्स’ या मॅक्रोला २००८०९एल ही किंमत द्यावी, किंवा तेच मेकफाइलमधून द्यावे. एखादा हेडर जोडून झाल्यावर तो मॅक्रो ठरवला तर उपयोग होत नाही. ‘एम_पीआय’ हा स्थिरांकही याच वेळी नाहीसा झाला असेल, तर नुसत्या पॉसिक्सच्या मॅक्रोने तो परत येत नाही. त्याला ‘_एक्सओपन_सोर्स’ किंवा ‘_डिफॉल्ट_सोर्स’ लागते. आणि जोवर जुना कंपायलर वापरता आहात, तोवर घोषणेविना फंक्शन वापरण्याच्या इशाऱ्याचा एरर करून ठेवा. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने १६ व्या आवृत्तीत, २०२३ साली, आणि जीसीसीने १४ व्या आवृत्तीत, २०२४ साली, तो स्वतःहून एरर केला. म्हणजे मानकाने १९९९ साली मोडीत काढलेली सवय कंपायलरांनी पाव शतकभर सांभाळली. इतकी माया करायला नको होती, असे माझे मत आहे.

प्रश्न : पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एक प्रोग्रॅम कोणताही बदल न करता आजवर बांधला जात होता. जीसीसी १५ आल्यापासून त्यात ‘बूल’च्या टाइपडेफवर आणि कॉलबॅक फंक्शनांवर एरर येतात. आम्ही मेकफाइलमध्ये कोणतेही मानक मागितलेले नाही. मग हे का घडावे?

उत्तर : मानक मागितले नाही म्हणूनच घडले. पर्याय दिला नाही म्हणजे मानक नाही, असे नसते. कंपायलर त्या वेळी त्याला योग्य वाटेल ती बोली निवडतो आणि ती आवृत्तीगणिक बदलत आली आहे. जीसीसी ४.९ पर्यंत ती जीएनयू ८९ होती. २०१५ च्या ५ व्या आवृत्तीपासून जीएनयू ११, २०१८ च्या ८ व्या आवृत्तीपासून जीएनयू १७ आणि २०२५ च्या १५ व्या आवृत्तीपासून जीएनयू २३ झाली. तुमचा प्रोग्रॅम या काळात तीन वेळा भाषा बदलून बसला. पहिल्या दोन वेळा तुम्हाला त्याचा पत्ता लागला नाही, एवढेच.

सी २३ मध्ये ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द झाले, त्यामुळे ‘टाइपडेफ इंट बूल;’ आता चालत नाही. दुसरे म्हणजे रिकाम्या कंसांचा अर्थ बदलला. आधी ‘व्हॉइड (*हँडलर)();’ याचा अर्थ ‘किती आणि कोणते अर्ग्युमेंट ते सांगितलेले नाही’ असा होता; आता तो ‘एकही अर्ग्युमेंट नाही’ असा आहे. त्यामुळे ‘हँडलर(५)’ असे बोलावले की अर्ग्युमेंट जास्त झाल्याचा एरर येतो. फंक्शनाच्या कंसांत नुसती नावे देऊन त्यांचे प्रकार खाली लिहिण्याची १९७० च्या दशकातली पद्धतही मानकातून याच वेळी बाद झाली.

तातडीचा उपाय म्हणून मेकफाइलमध्ये ‘-एसटीडी=जीएनयू१७’ लिहा; प्रोग्रॅम पूर्ववत बांधला जाईल. तो लाजिरवाणा उपाय नाही. कोड कोणत्या बोलीत लिहिले आहे ते त्यामुळे प्रथमच कागदावर येते, आणि हे प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच व्हायला हवे होते.

पुढे सावकाश दुरुस्ती करताना कॉलबॅकचे काम सरळ आहे : कंसांत खरे प्रकार भरायचे. ‘बूल’च्या बाबतीत मात्र टाइपडेफची ओळ पुसून मोकळे होऊ नका. खरा ‘बूल’ बहुतेक ठिकाणी १ बाइटाचा असतो आणि तुमचा ‘इंट’ ४ बाइटांचा होता. तो एखाद्या स्ट्रक्चरमध्ये असेल आणि ते स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिले जात असेल, तर जुन्या फाइल नव्या प्रोग्रॅमला वाचता येणार नाहीत. काही जुन्या प्रोग्रॅमांत ‘बूल’ हा ‘अनसाइन्ड कॅर’ म्हणून ठरवलेला असतो. तिथे फरक आणखी सूक्ष्म आहे : २५६ ही किंमत त्यात भरली तर खालचे आठ बिट शून्य असल्याने ० उरतो, तर खऱ्या ‘बूल’मध्ये शून्येतर कोणतीही किंमत १ होते. एखाद्या झेंड्याचा नववा बिट तपासणारी ओळ आजवर नेहमी ‘नाही’ म्हणत असेल, ती अचानक ‘हो’ म्हणू लागेल. नवे वर्तन योग्यच आहे. पण बाकीचे कोड चुकीच्या वर्तनाला सरावलेले असू शकते.

प्रश्न : ‘व्हॉइड मेन’ चूक की बरोबर? पुस्तकांत दोन्ही दिसते.

उत्तर : ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मानकाने ‘मेन’ची दोनच रूपे दिली आहेत, आणि दोन्ही ‘इंट’ परत देतात. याखेरीज कंपायलरने स्वतःच्या माहितीपुस्तिकेत नोंदवून आणखी एखादे रूप मान्य करावे अशी मुभा आहे. ‘व्हॉइड मेन’ त्या मुभेवर जगते. ‘इंट मेन(व्हॉइड)’ लिहावे. सी ९९ पासून शेवटी ‘रिटर्न ०’ लिहिले नाही तरी ते लिहिल्यासारखेच धरले जाते. ज्या मायक्रोकंट्रोलरवर परत जायला कोणी मागे उरलेलेच नसते, तिथे गोष्ट वेगळी. तिथे प्रोग्रॅमच्या प्रवेशद्वाराचे नाव काय असावे हेही कंपायलरच ठरवतो.

प्रश्न : आमच्या गटात एकाचे म्हणणे की एक्स्टेन्शन पूर्णपणे निषिद्ध असावीत, दुसऱ्याचे म्हणणे की लिनक्स कर्नल वापरतो तर आपण का नाही. आपला कौल कोणाकडे?

उत्तर : दोघांकडेही नाही. लिनक्स कर्नलचा दाखला खरा असला तरी तो जपून द्यावा. कर्नल २०२२ पर्यंत जीएनयू ८९ बोलीत लिहिला जात होता आणि ५.१८ या आवृत्तीपासून जीएनयू ११ बोलीत लिहिला जातो. दोन्ही वेळा निवड जाणीवपूर्वक केलेली आहे. एवढेच नव्हे, तर पॉइंटरच्या प्रकारांवरून कंपायलरने काढायचे निष्कर्ष आणि चिन्हांकित संख्यांच्या ओव्हरफ्लोचे नियम हेसुद्धा त्यांनी पर्याय देऊन बदलून घेतले आहेत. एक्स्टेन्शनमधलेही सगळेच त्यांनी ठेवलेले नाही. धावताना माप ठरणारे अ‍ॅरे त्यांनी २०१८ मध्ये वेचून काढून टाकले, कारण स्टॅकचा (फंक्शनांच्या तात्पुरत्या व्हेरिएबलांसाठीच्या मेमरीचा) किती भाग खर्च होईल हे आधी सांगता येत नव्हते.

एक्स्टेन्शन कशासाठी हवेसे वाटते, ते एका उदाहरणात पाहू. दोहोंतला मोठा निवडणारा मॅक्रो मानक सी भाषेत असा लिहितात : (ए) > (बी) ? (ए) : (बी). ‘आय’ची किंमत ५ आणि ‘जे’ची ३ असताना त्याला ‘आय++’ आणि ‘जे’ दिले, तर तुलनेत ५ वापरला जाऊन ‘आय’ ६ होतो, मग निवडलेल्या भागात ‘आय++’ पुन्हा मोजला जातो. उत्तर ६ येते आणि ‘आय’ ७ होऊन बसतो. हवे होते उत्तर ५ आणि ‘आय’ ६. जीएनयू बोलीत कंसाच्या आत महिरपी कंस घालून त्यात ‘टाइपऑफ’च्या मदतीने दोन तात्पुरती व्हेरिएबल घेतली की प्रत्येक अर्ग्युमेंट एकदाच मोजले जाते. ‘टाइपऑफ’ सी २३ ने मानकात घेतले, पण कंसातली ती विधाने अजून मानकाबाहेरच आहेत. जीसीसी आणि क्लँग दोघेही ती समजतात. कोड फक्त या दोघांनीच बांधायचे असेल, तर मी हे एक्स्टेन्शन वापरायला कचरणार नाही.

निर्णय घेताना मी एक प्रश्न विचारतो : हे एक्स्टेन्शन काढून टाकले तर प्रोग्रॅमचा अर्थ तोच राहतो का? ‘प्रिंटएफ’सारख्या फंक्शनाची अर्ग्युमेंट तपासून घेणारा ‘फॉरमॅट’ हा अ‍ॅट्रिब्यूट घ्या. तो मॅक्रोत गुंडाळून दुसऱ्या कंपायलरसाठी रिकामा करता येतो. तिथे तपासणी होणार नाही, पण प्रोग्रॅम तोच राहील. ‘पॅक्ड’ मात्र असा रिकामा केला की स्ट्रक्चरमधल्या मोकळ्या जागा परत येतात आणि नेटवर्कवरून आलेला डेटा भलत्याच रकान्यांत वाचला जातो. ‘क्लीनअप’ रिकामा केला तर मेमरी किंवा फाइल मोकळी करणारे फंक्शन बोलावलेच जात नाही. असे अ‍ॅट्रिब्यूट ओळखता न येणाऱ्या कंपायलरपुढे मॅक्रोने रिकामी जागा न ठेवता ‘#एरर’ ठेवावा. फंक्शनाच्या आत फंक्शन लिहिण्याची जीसीसीची सोय तर मी सुचवणारच नाही. क्लँग ती घेत नाही, आणि बाहेरची व्हेरिएबल वापरणाऱ्या अशा फंक्शनाचा पत्ता दुसऱ्याला दिला की जीसीसी सहसा स्टॅकवरच एक छोटा कोड रचतो, ज्यासाठी स्टॅकवरचा मजकूर चालवू देण्याची परवानगी लागते. सुरक्षेच्या दृष्टीने ती परवानगी देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे.

आणखी एक इशारा. ‘__ग्नूसी__’ हा मॅक्रो ठरलेला दिसला म्हणजे कंपायलर जीसीसी आहे, असे मानू नका. क्लँगही तो ठरवतो आणि आपण जीसीसी ४.२.१ आहोत असे सांगतो, कारण जुन्या हेडर फाइलांना तेवढे ऐकायची सवय आहे. कंपायलर कोणता हे विचारण्याऐवजी ‘__हॅज_अ‍ॅट्रिब्यूट’ वापरून अमुक अ‍ॅट्रिब्यूट येतो का असे विचारावे. मात्र हा मॅक्रोच ठाऊक नसलेले कंपायलर असल्याने तो ठरलेला आहे का, ते आधी तपासावे.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने सी प्रोग्रॅम बांधायचा आहे. तो सी ९९ आणि सी ११ पाळतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी पाळतो, पण उशिरा आणि वगळावगळी करून. सी ९९ मधल्या मधोमध केलेल्या घोषणा, नावानिशी दिलेल्या सुरुवातीच्या किमती वगैरे सोयी व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ मध्ये आल्या. ‘एसएनप्रिंटएफ’ मानकाप्रमाणे २०१५ च्या आवृत्तीपासून वागू लागले. त्याआधी लोक अधोरेखा लावलेले त्याचे भावंड वापरत, आणि मजकूर बफरपेक्षा मोठा निघाला तर ते शेवटचे शून्य लिहीतच नसे. सी ११ आणि सी १७ मागण्याचे पर्याय व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.८ या आवृत्तीत, म्हणजे २०२० च्या अखेरीस मिळाले.

धावताना माप ठरणारे अ‍ॅरे तिथे नाहीत. सी ९९ ने ते सक्तीचे केले होते, सी ११ ने ऐच्छिक केले. त्यामुळे ते नसूनही हा कंपायलर सी ११ च्या चौकटीत राहतो आणि ‘__एसटीडीसी_एनओ_व्हीएलए__’ हा मॅक्रो ठरवून तसे जाहीर करतो. मानकाची आवृत्ती सांगणारा ‘__एसटीडीसी_व्हर्जन__’ हा मॅक्रो सी ९९ साठी १९९९०१, सी ११ साठी २०१११२, सी १७ साठी २०१७१० आणि सी २३ साठी २०२३११ ही किंमत देतो, पण ऐच्छिक भागांसाठी तेवढ्यावर विसंबू नये. ‘एनओ’चे मॅक्रो वेगळे तपासावेत. विंडोजवर ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्येही ‘लाँग’ ४ बाइटांचाच असतो, लिनक्सवर ८ बाइटांचा. हे एक्स्टेन्शन नाही, मानकानेच कंपायलरवर सोपवलेला निर्णय आहे. तरी एक्स्टेन्शनपेक्षा जास्त माणसे मी याच खड्ड्यात पडलेली पाहिली आहेत.

प्रश्न : ८०५१ या मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेले कोड कील कंपनीच्या कंपायलरने बांधले जाते, एसडीसीसी या दुसऱ्या कंपायलरने नाही. ‘एसएफआर’ आणि ‘एक्सडेटा’ या शब्दांवर गाडी अडते. शिवाय त्यातला आकडेमोडीचा भाग डेस्कटॉपवर तपासायचा आहे. काय करावे?

उत्तर : पोर्टचे रजिस्टर आणि बाहेरची मेमरी या कल्पनाच सी मानकात नाहीत, तेव्हा इथे एक्स्टेन्शनला पर्याय नाही. फरक त्यांच्या नावांत आहे. कीलच्या सी ५१ मध्ये ‘एसएफआर’ हा थेट राखीव शब्द आहे, त्यामुळे त्या नावाचे व्हेरिएबल असलेला शुद्ध प्रोग्रॅम तिथे अडतो. एसडीसीसीने तेच शब्द दोन अधोरेखा लावून घेतले आहेत, कारण दोन अधोरेखांनी किंवा एक अधोरेखा व मोठ्या लिपीतले अक्षर यांनी सुरू होणारी नावे मानकाने कंपायलरसाठी राखून ठेवली आहेत आणि प्रोग्रॅमरने ती वापरायचीच नाहीत. ‘_बूल’ हे विचित्र नाव सी ९९ ने याच कारणाने निवडले होते.

९० या षोडशमान पत्त्यावरचे ‘पी१’ रजिस्टर घोषित करण्याची वाक्यरचनाही दोघांत वेगळी आहे, त्यामुळे नुसत्या शब्दबदलाने काम भागत नाही. अशा सर्व घोषणा एका हेडर फाइलमध्ये आणून तिथे कंपायलरप्रमाणे दोन भाग करा. त्यांचा वापरही ‘पोर्ट_लिहा’सारख्या दोन-चार फंक्शनांतच कोंडून ठेवा. डेस्कटॉपवर त्या फंक्शनांची जागा साध्या अ‍ॅरेत लिहिणारी फंक्शने घेतील, आणि आकडेमोडीच्या फाइलमध्ये एकही एक्स्टेन्शन उरणार नाही.

तपासणीचा निकाल मात्र जपून वाचा. ८०५१ च्या या दोन्ही कंपायलरांत ‘इंट’ १६ बिटांचा आहे. ‘लाँग क = ३०० * २००;’ ही ओळ डेस्कटॉपवर ६०००० देईल. चिपवर गुणाकार ‘इंट’मध्येच होतो, आणि ३२७६७ च्या पुढे गेलेला तो गुणाकार ‘लाँग’मध्ये ठेवण्याआधीच बिघडलेला असतो. पहिल्या संख्येला ‘एल’ जोडून ‘३००एल * २००’ लिहिले की दोन्हीकडे ६०००० मिळतात; आकड्यांऐवजी व्हेरिएबल असतील तर गुणाकाराआधी त्यांतल्या एकाचा प्रकार ‘लाँग’ करून घ्यावा.